वेदनाशमन थांबवू नका, वेदना मोजायला सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या महिन्यात अफूपासून बनणाऱ्या किंवा अफूसारखेच काम करणाऱ्या वेदनाशामकांविषयी (या सगळ्यांना मी पुढे अफूजन्य म्हणते) एक टिपण आले होते. मॉर्फिन, फेंटानिल यांसारख्या औषधांनी रुग्णाची रोगप्रतिकारशक्ती कमी होते आणि आयसीयूत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, असे त्यात म्हटले होते. टिपणातली माहिती खोटी नव्हती. पण ती अर्ध्यावर थांबली. मोबाइलवरून फिरत फिरत ती आमच्या आयसीयूच्या दारापर्यंत पोहोचली तेव्हा तिचे एकच वाक्य उरले होते : ‘दुखण्याचं इंजेक्शन देऊ देऊ नका, इन्फेक्शन होतं.’ या वाक्यापायी माणसे कळवळत पडलेली मी पाहते आहे, म्हणून हे पत्र लिहिते. ते लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी परिचारिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षे मिरजेत आयसीयूत गेली, शेवटी इन्चार्ज सिस्टर म्हणून. आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते आणि त्यांना घेऊन अजूनही आयसीयूत जाते. कोणते औषध द्यायचे आणि किती, हे डॉक्टर ठरवतात, आणि ते तसेच असावे. पण ठरलेले औषध पंपात भरणे, पेशंटची कूस बदलणे, तोंड स्वच्छ करणे, नळीतला कफ ओढून काढणे, पोट साफ झाले की नाही ते लिहून ठेवणे, हे सगळे परिचारिकेच्या हातचे काम. आणि अफूजन्य औषधे व जंतुसंसर्ग यांचा जो संबंध आहे, त्यातला बराचसा भाग याच कामांत दडलेला आहे. टिपणात त्याचा उल्लेख नव्हता.

गेल्या गळीत हंगामात रात्रीच्या वेळी एक मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. ट्रॉलीच्या मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले. आमच्या भागात हंगामात असे अपघात दर वर्षी होतात आणि त्यावर वेगळे पत्र लिहिता येईल. मोटारसायकलवरचा माणूस चाळिशीतला. उजव्या बाजूच्या फासळ्या ओळीने मोडलेल्या, छातीत रक्त साचले म्हणून नळी घातलेली. शुद्धीत होता, व्हेंटिलेटरची गरज नव्हती. डॉक्टरांनी फेंटानिलचा पंप लावायचे ठरवले. तेवढ्यात थोरल्या भावाने हात जोडले. “सिस्टर, ते अफूचं औषध नको. त्यानं आतली ताकद जाते म्हणतात. साधं पेनकिलर द्या, माझा भाऊ सोसणारा आहे.” त्यांच्या मोबाइलवर आपल्याच पुरवणीचे कात्रण होते.

भाऊ खरोखरच सोसणारा होता. तोंडातून शब्द काढत नव्हता. पण मोडलेली फासळी प्रत्येक श्वासाला टोचते, म्हणून असा माणूस छातीभर श्वास घेतच नाही. वरच्यावर, तोकडे श्वास घेतो. खोकल्याची उबळ आली की दात आवळून ती दाबतो. कफ खाली साचत जातो, फुप्फुसाचा तळ मिटतो आणि त्या साचलेल्या कफात जंतू वाढतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना ताप चढला, ऑक्सिजन वाढवावा लागला. ज्या इन्फेक्शनच्या धास्तीने औषध नाकारले, तेच दाराशी येऊन उभे राहिले होते.

मी त्या थोरल्या भावाला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितले, “दादा, उसाला पाणी जास्त झालं तर बिघडतं हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून तुम्ही पाणी तोडत नाही, पाळी ठरवता. हे तसंच आहे.” त्यांनी मान हलवली. मग भूलतज्ज्ञांनी पाठीत, मणक्यालगतच्या स्नायूखाली एक बारीक नळी सरकवली आणि तिच्यातून बधिरतेचे औषध सोडले. कॅनडातल्या डॉक्टरांनी २०१६मध्ये या ब्लॉकचे, म्हणजे तेवढाच भाग बधिर करण्याच्या पद्धतीचे, पहिल्यांदा वर्णन केले, आणि आता तो आपल्याकडच्या अनेक शहरांत दिला जातो. जोडीला शिरेतून पॅरासिटामॉल. फेंटानिल दिले, पण लहान मात्रेत, फिजिओथेरपिस्ट यायच्या आधी आणि कूस बदलण्याआधी. त्या रात्री त्यांनी उशी छातीशी धरून पहिल्यांदा नीट खोकून कफ काढला. पुढे व्हेंटिलेटर न लागता ते वॉर्डात गेले.

एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. म्हणूनच आपल्या टिपणाने ज्या संशोधनाकडे नुसते बोट दाखवले, ते संशोधन काय म्हणते ते मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. ओळखीच्या भूलतज्ज्ञांकडून लेख मागून घेतले, अडले तिथे त्यांनाच विचारले.

अफू आणि प्रतिकारशक्ती यांच्या नात्याचा शोध जुना आहे. १८९८मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये इओन कांताकुझिनो या रुमानियन डॉक्टरांनी गिनीपिगांना अफू देऊन पाहिली. कॉलऱ्याचे जंतू गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी अफूनंतर मंदावतात, असे त्यांना आढळले. पुढे १९७९मध्ये ब्रुसेल्सच्या संशोधकांना माणसाच्या रक्तातल्या टी-पेशींवरही मॉर्फिन चिकटण्याच्या जागा असाव्यात अशी चिन्हे मिळाली. म्हणजे मॉर्फिन फक्त मेंदूशी आणि मज्जारज्जूशी बोलत नाही, ते थेट आपल्या संरक्षक पेशींशीही बोलते. त्यानंतरच्या कामातून बरेच काही पुढे आले. जंतू गिळणाऱ्या पेशी सुस्तावतात, जखमेकडे धावणाऱ्या पेशी उशिरा पोहोचतात, नैसर्गिक मारक पेशींचा जोर कमी होतो. अमेरिकेत काम करणाऱ्या सबिता रॉय यांच्या गटाने उंदरांवर दाखवले की मॉर्फिनने आतड्याच्या अस्तराची वीण सैल होते आणि आतड्यातले जंतू तिथून बाहेर शरीरात शिरतात.

माणसांतलाही एक मोठा अभ्यास आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या सरकारी आरोग्य योजनेतल्या नोंदी तपासून २०१८मध्ये तो प्रसिद्ध झाला. अफूजन्य वेदनाशामके घेत असलेल्यांत न्यूमोकॉकस या जंतूचा गंभीर संसर्ग होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे १.६ पट दिसली. ही माणसे आयसीयूतली नव्हती, घरी गोळ्या घेणारी होती.

तेव्हा ‘काही होत नाही हो’ असे म्हणून मी कुणाची समजूत काढणार नाही. परिणाम होतो. पण इथे दोन गोष्टी जोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिली अशी की, जास्त मॉर्फिन बहुधा जास्त आजारी माणसालाच मिळते. ज्याचे पोट फाडून पू काढला आहे, ज्याचे अर्धे अंग भाजले आहे, त्याला वेदनाशामक जास्त लागणार आणि संसर्गही त्यालाच जास्त होणार. मागाहून नोंदी चाळताना यातले कशामुळे काय झाले हे वेगळे काढणे फार कठीण जाते. संशोधक आकडेमोडीने ते वेगळे करायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण जमत नाही. आणि एका गटाचे दुखणे थांबवायचे व दुसऱ्याला कळवळत ठेवायचे, असा प्रयोग माणसांवर करता येत नाही, करूही नये. उंदरांवरच्या प्रयोगांतले मॉर्फिन बहुतेक वेळा निरोगी, न दुखणाऱ्या प्राण्याला दिलेले असते. आमच्या पलंगावरचा माणूस तसा नसतो.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. न शमवलेली वेदना स्वतःच प्रतिकारशक्ती खच्ची करते. सतत दुखत असले की अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल चढे राहतात, नाडी धावते, साखर वाढते, झोप लागत नाही, जखमा भरायला वेळ लागतो. १९९३मध्ये उंदरांच्या मोठ्या जातीवर, रॅटवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर या प्राण्यांच्या शरीरात कर्करोगाच्या पेशी जास्त प्रमाणात रुजत होत्या. शस्त्रक्रियेच्या वेळी मॉर्फिन दिले तर ते रुजणे कमी झाले. एरवी मारक पेशींना मंद करणारे औषध दुखणाऱ्या शरीरात बचावाला आले होते. ज्या पानावर ‘मॉर्फिनने प्रतिकारशक्ती घटते’ असे छापायचे, त्याच पानावर हा प्रयोगही छापायला हवा.

आता परिचारिकेच्या कामाकडे येते. प्रयोगशाळेतल्या पेशी आम्हाला दिसत नाहीत. पण याच औषधांचे तीन परिणाम आम्हाला पलंगाशी उभे राहून दिसतात आणि ते आवरणे बरेचसे आमच्या हातात असते.

आतडे मंदावते. फेंटानिल सुरू झाले की पोट फुगते, नळीतून दिलेले अन्न पुढे सरकत नाही, शौचाला होत नाही. आयसीयूत या गोष्टीकडे लोक दुय्यम म्हणून पाहतात, आणि मला त्याचा राग येतो. तुंबलेल्या आतड्यात जंतू वाढतात, पोट फुगल्याने छातीचा पडदा वर ढकलला जातो, अन्न उलटून श्वासनलिकेत जाते. औषध सुरू झाले त्याच दिवशी शौचाचे औषध सुरू करायचे, पोटाला हात लावून पाहायचे, रोजच्या तक्त्यावर लिहायचे. मी मुलींना सांगते, बाकीच्या रकान्यांइतकाच हा रकाना जिवाचा आहे.

खोकला दबतो. म्हणून डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उचललेली हवी, तोंड ठरावीक वेळाने स्वच्छ केलेले हवे, सक्शन वेळेवर हवे. यातले एकही काम महाग नाही.

आणि गुंगी वाढते. इथे एक घोटाळा नेहमी होतो, फक्त नातेवाइकांचाच नाही, आमच्यातल्यांचाही. वेदनाशामक आणि गुंगीचे औषध ही वेगळी कामे आहेत. दुखणे थांबले तर अनेक पेशंटना गाढ गुंगीची गरजच उरत नाही. डेन्मार्कमधल्या ओडेन्से इथे १४० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. व्हेंटिलेटरवरच्या एका गटाला गुंगीचे औषध सतत न देता गरजेप्रमाणे फक्त मॉर्फिनचे लहान डोस दिले. त्या गटाचे व्हेंटिलेटरशिवायचे दिवस जास्त भरले. २०२०मध्ये डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही, तेही सांगायला हवे. पण मला त्या पहिल्या अभ्यासातली वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. तिथे एका पेशंटमागे एक परिचारिका होती, आणि पेशंट घाबरला तर जवळ बसायला आणखी एक माणूस. आपल्याकडे रात्रपाळीला एका सिस्टरकडे व्हेंटिलेटरवरचे दोन-तीन पेशंट असतात. अशा रात्री पंपाचा वेग वाढवून पेशंटला शांत ठेवणे सोपे पडते. जास्तीचे औषध पुष्कळदा या वाटेने जाते. त्यावर उपाय माणसे वाढवणे हा आहे. दुखणाऱ्याचे औषध तोडणे हा नाही.

आता मोजण्याबद्दल. जो बोलू शकतो त्याला शून्य ते दहात विचारता येते, पण तेही आपल्याकडे सरळ होत नाही. जत-आटपाडीकडच्या आजींना विचारावे, “दुखतंय का?” तर उत्तर येते, “न्हाई बाई, बरं हाय.” आणि हात बघावा तर पलंगाची कड घट्ट धरलेली. सोसण्याची सवय इतकी मुरलेली असते की दुखणे सांगणे म्हणजे दुसऱ्याला त्रास देणे, असे त्यांना वाटते. आणि ज्याच्या घशात नळी आहे तो तर बोलूच शकत नाही.

अशा रुग्णांसाठी मोजमाप तयार आहे आणि ते तयार करण्यात परिचारिकांचा मोठा वाटा आहे. कॅनडातल्या परिचारिका आणि संशोधक सेलीन जेलिना यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत चार गोष्टी पाहतात. चेहरा : कपाळाला आठ्या आहेत का, डोळे घट्ट मिटलेत का. हालचाल : दुखऱ्या जागेकडे हात नेतो का, नळी ओढायला बघतो का. स्नायू : हात हलकेच वाकवून पाहिला तर ताठ लागतो का. आणि श्वास : व्हेंटिलेटरशी जुळवून घेतो की त्याच्याशी झगडतो, नळी नसेल तर कण्हतो का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण आठ. तीन किंवा जास्त आले की दुखते आहे असे धरायचे आणि उपाय करायचा. उपायानंतर पुन्हा मोजायचे. शून्य-एक येत असेल तर औषध कमी करता येईल का, ते डॉक्टरांना विचारायचे. हे करायला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, एक-दोन मिनिटे पुरतात. अफूजन्य औषध गरजेपेक्षा जास्त जाऊ नये आणि कमीही पडू नये, यासाठी एवढा स्वस्त उपाय माझ्या माहितीत दुसरा नाही.

कधी मोजायचे, हेही महत्त्वाचे. सगळ्यांना वाटते की सुई टोचणे, ऑपरेशनची जखम, यांनीच दुखते. अमेरिकेत ६ हजारांहून अधिक रुग्णांना विचारून केलेल्या अभ्यासात, जो २००१मध्ये प्रसिद्ध झाला, मोठ्या माणसांना सर्वांत जास्त दुखले ते कूस बदलताना. ज्या कामाला आम्ही रोजचे, साधे काम म्हणतो, त्याच कामाने. ते वाचल्यापासून मी मुलींना सांगते, आधी गुण मोजा, लागत असेल तर लहान डोस द्या, तो लागू पडेपर्यंत थांबा, मग कूस बदला. छातीतली नळी काढायच्या आधी त्या जागी बर्फाची पिशवी धरा. दिवसभर पंप जोरात चालू ठेवण्यापेक्षा दुखणाऱ्या क्षणाआधी नेमके औषध दिले, तर एकूण औषध कमी लागते.

अमेरिकेतल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांचा रोखही हाच आहे. आधी वेदना मोजा आणि शमवा, गुंगीचा विचार नंतर. अफूजन्य औषध द्या, पण त्याचा भार कमी करण्यासाठी पॅरासिटामॉल, कमी मात्रेतले केटामाइन, नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेन्टिनसारखी औषधे जोडा. हलके मालिश आणि संगीतही त्यात आहे. आमच्याकडच्या एका सिस्टरने एका आजोबांच्या कानाशी मोबाइलवर सकाळचे अभंग लावायला सुरुवात केली, तेव्हा काहींनी नाके मुरडली. तिचे काम तत्त्वांना धरूनच होते.

थोरल्या भावाने मागितलेल्या ‘साध्या पेनकिलर’विषयीही लिहायला हवे, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. डायक्लोफिनॅकसारखी इंजेक्शने औषधाच्या दुकानातून सहज मिळतात, म्हणून ती सौम्य वाटतात. आयसीयूतल्या माणसाचा रक्तदाब खाली असतो, मूत्रपिंडे आधीच ताणलेली असतात, पोटात रक्तस्राव व्हायची भीती असते. तिथे हे साधे औषध मूत्रपिंडे बंद पाडू शकते. फेंटानिलला नाही म्हणून डायक्लोफिनॅक मागणे हा सुरक्षित मार्ग नव्हे. अफूजन्य औषधांतही फरक आहेत. मूत्रपिंडे बिघडलेल्याच्या शरीरात मॉर्फिनचे अंश साचून राहतात, म्हणून डॉक्टर तिथे बहुधा फेंटानिल निवडतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ब्युप्रेनॉर्फिनचा प्रतिकारशक्तीवरचा परिणाम मॉर्फिनपेक्षा सौम्य दिसला आहे. पण केवळ त्यावरून आयसीयूतल्या माणसाचे औषध बदलावे, इतका आधार अजून नाही.

आणि आपल्या देशाची मूळ अडचण जास्त मॉर्फिन ही नाहीच. नीमच आणि गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने आहेत, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याने अफूची शेती होते, जगाला औषधासाठी अफू पुरवणाऱ्या देशांत आपण आहोत. तरीही ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार गंभीर दुखण्यांतल्या परिहारक सेवेसाठी, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांसाठी, जेवढे मॉर्फिन लागते, त्याच्या जेमतेम ४ टक्के औषध भारतात रुग्णांपर्यंत पोहोचते. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जाचाने अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, २०१४मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिन, फेंटानिलसह काही औषधांना ‘अत्यावश्यक’ मानून देशभर एकसारखे नियम आले. आम्ही ही औषधे दुहेरी कुलपात ठेवतो, प्रत्येक अॅम्प्यूल रजिस्टरला चढते, रिकामी काचही परत मोजून द्यावी लागते. हे कडक असायलाच हवे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अशा देशात, मोठ्या कष्टाने पलंगापर्यंत आलेले औषध एका कात्रणामुळे नाकारले जावे, याचे मला फार वाईट वाटते.

शेवटी हे औषध सोडवण्याबद्दल, कारण यावर कोणीच लिहीत नाही. काही दिवस सतत फेंटानिल चालल्यावर ते एकदम बंद केले तर पेशंटला घाम फुटतो, नाडी धावते, जुलाब होतात, तो बिथरतो. फ्रान्समधल्या लील शहरातल्या डॉक्टरांनी २००९मध्ये फेंटानिलच्याच कुळातल्या रेमिफेंटानिल या औषधाचा अभ्यास मांडला. औषध बंद करण्याचा आयसीयूतल्या पुढच्या संसर्गाशी त्यांना संबंध दिसला. म्हणजे ‘इन्फेक्शन होईल, आजच्या आज बंद करा’ म्हणून डॉक्टरांवर दबाव आणणारे नातेवाईक नको तीच गोष्ट ओढवून घेत असू शकतात. औषध टप्प्याटप्प्यानेच उतरवायचे असते.

म्हणून माझी नातेवाइकांना कळकळीची विनंती आहे. भेटीच्या वेळेत तुम्हाला पाच-दहा मिनिटे मिळतात. त्यात ‘ते औषध बंद करा’ म्हणण्यापेक्षा विचारा : आज दुखण्याचे गुण किती आले? शेवटचे कधी मोजले? ब्लॉक देता येईल का, दुसरे औषध जोडून हे कमी करता येईल का? शौचाला झाली का? वॉर्डात हलवताना हे औषध कसे उतरवणार, ते कागदावर लिहून द्याल का? यातल्या एकाही प्रश्नाने डॉक्टरांचा किंवा सिस्टरचा अपमान होत नाही. उलट ज्या घरचे असे विचारतात, त्या पेशंटच्या तक्त्यावरचे रकाने रिकामे राहत नाहीत, हे मी पाहिले आहे. आणि तुम्हाला तुमच्या माणसाच्या खुणा आमच्यापेक्षा जास्त माहीत असतात. दुखले की तो ओठ चावतो, ती पदराचे टोक मुठीत धरते, हे आम्हाला सांगा. ते आम्ही तक्त्यावर लिहू.

संपादक महोदय, जागेअभावी पत्र कापावे लागले तर गिनीपिग आणि ब्रुसेल्स कापा, माझी हरकत नाही. मात्र आठ गुणांचे मोजमाप सांगणारा परिच्छेद आणि नातेवाइकांनी विचारायचे प्रश्न कृपया पूर्ण छापा, आणि शक्य झाल्यास आरोग्य पुरवणीच्या त्याच पानावर, त्याच जागी छापा, म्हणजे पहिले कात्रण ज्यांनी जपून ठेवले आहे त्यांना हेही सापडेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज
(नाव व पत्ता संपादकांकडे)